वहिनींची पटाशी

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या वहिनींइतकी लाकडाची नासाडी वाळवीनंसुद्धा केली नसेल. हे मी रागानं बोलतोय असं कुणाला वाटेल, तर बरोबरच वाटेल. मी रागानंच बोलतोय. वाळवीवर निदान औषध मारता येतं. वहिनींचं काय करणार? त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, नात्यानं आणि वयानं माझ्याहून मोठ्या, अमडापूरच्या हायस्कुलात सगळी हयात चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातात सदा पटाशी असते आणि तोंडात "भाऊजी, जरा सरका" हे वाक्य असतं. मी सरकतो. सरकलो की ज्यावर बसलो होतो ते त्या कोरायला घेतात.

लाकडावर चित्र कोरायचं, त्यावर रुळानं काळी शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि तो कागद स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासत बसायचं, की चित्राचा ठसा कागदावर उमटतो. शहरात या कलेला मोठमोठी नावं आहेत आणि तिची प्रदर्शनंही भरतात म्हणे. अमडापुरात याला 'मॅडमचं ठोकणं' म्हणतात. नोकरीत असताना त्यांनी हे कधीच केलं नाही. तेव्हा त्या पोरांकडून माठ, तांब्या आणि बाजूला चुरगळलेलं फडकं एवढंच काढून घ्यायच्या, आणि माठ वाकडा आला तर फडक्यानंच मारायच्या. मग एके दुपारी माझा दादा जेवून खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, आणि घरातून ठक ठक ऐकू यायला लागलं. शेजाऱ्यांना वाटलं बाईनं घराचं काम काढलं. काम कसलं, बाईनं घरच काढलं होतं.

सगळ्यात आधी पाट गेले. सागाचे, पितळी फुल्यांचे, आमच्या आईनं हौसेनं करून घेतलेले. एकावर कोंबडी, एकावर बकरी, एकावर बाजारात लसूण विकणारी म्हातारी. बरं, कोरलेत तर कोरलेत, ते वेगळे ठेवावेत की नाही? माझ्या लेकीचे सासरे साखरखेर्ड्याहून पहिल्यांदाच अमडापूरला जेवायला आले. पांढरीशुभ्र विजार, वर जाकीट, बोलणं अगदी मोजून मापून. जेवून उठले, हात धुवायला वळले, आणि त्यांच्या पाठमोऱ्या विजारीवर एक कोंबडी चोच उघडून सगळ्या पंगतीकडं बघत होती. माझ्या बायकोनं पदर तोंडात कोंबला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि वहिनी? त्या व्याह्यांच्या मागं वाकून, चष्मा वर करून, कोंबडीकडं निरखून बघत म्हणाल्या, "शेपटीकडं दाब कमी पडला. भाऊजी, त्यायले म्हना अजून थोडं बसा."

माझ्या घरी बुलढाण्याला आल्या तरी तेच. माणसं पाहुणी म्हणून आली की घरच्यांची तब्येत विचारतात. ह्या दाराची विचारतात. कपाटावर टकटक करतील, बाजारात बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा चौकटीवरून हात फिरवतील, आणि एकदम मऊ आवाजात म्हणतील, "हे बिजाचं लाकूड हाय का हो? किती छान धार बसंन याच्यावर!" त्या मुक्कामाला असल्या की माझी बायको पोळपाट लपवून ठेवते. मी देवघराचं दार लावून घेतो. देवाला भीती कसली म्हणा, पण देवघर शिसवीचं आहे.

माणसांचे चेहरे काढण्याचं वेड तर विचारूच नका. बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी अर्धं गाव कोरलं. गुरांचा डॉक्टर झाला, गिरणीवाला झाला, वायरमन झाला. मला न विचारता मलाही कोरलं, आणि तो ठसा दिला कुणाला, तर गावातल्या सलूनवाल्याला. त्यानं तो आरशाच्या वर लावलाय. गिऱ्हाइकं खुर्चीत बसतात, माझ्याकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, "असे नको." त्यात भांग उलट्या बाजूला! कारण लाकडावर जे डावीकडं कोराल ते कागदावर उजवीकडं उमटतं. म्हणून सगळं आधीच उलटं कोरावं लागतं, आणि माझ्या बाबतीत बाईसाहेब ते विसरल्या. मी जाब विचारला. म्हणाल्या, "तुमाले लोक नाकावरून वळखतात. भांग कोन पाह्यते?"

तर असा सगळ्या गावाचा चेहरा कोरून झाला. फक्त एक माणूस राहिला होता. माझा दादा.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो. दादाचा धड असा एकही फोटो नाही. आजकाल कुणाचाही वाढदिवस असला की चौकात गाडीएवढा फ्लेक्स लागतो, पण दादा कॅमेरा दिसला की पळायचा. घरातल्या सगळ्या कार्यांचे फोटो त्यानंच काढलेले, म्हणून तो कशातच नाही. असलाच तर मठ्ठ्याची बादली घेऊन वाकलेला, टक्कल तेवढं दिसतंय. भिंतीवर हार घालून लावलाय तो ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला फोटो, आणि त्यात दादा गणिताच्या पेपराला कॉपी पकडल्यासारखा बघतोय. गणित तो शिकवायचा, हे खरं. पण तो तसा नव्हता. त्याला एखादी खोडी सुचली की ओठाचं एकच टोक वर जायचं आणि बाकीचा चेहरा साळसूद राहायचा. ते वाकडं हसू म्हणजे माझा दादा. ते कुठंच नाही. आणि ते आणू शकेल अशी एकच व्यक्ती या जगात होती, आणि ती कोंबड्या कोरत बसली होती!

प्रत्येक खेपेला मी विचारायचो. "वहिनी, दादा?" त्या म्हणायच्या, "करू ना. घाई काय हाय?" घाई काय आहे म्हणे! लोक वर मलाच सांगायचे, "बाई या कलेमुळं किती छान सावरली हो!" सावरली म्हणजे? नवऱ्याला सोडून बाकीच्या गावाचे ठसे काढले की माणूस सावरतं? आणि माझं काय? नवरा गेला की बाईजवळ सगळे येऊन बसतात, पोरांच्या पाठीवरून हात फिरवतात, आणि ते योग्यच आहे. पण भाऊ गेलेल्याला कोण विचारतं? मला लोकांनी विचारलं ते मंडपवाल्याचा नंबर, आणि स्वयंपाकी कोण सांगितला ते. मी तेरवीचं सगळं पार पाडलं, एकदाही रडलो नाही, आणि लोक म्हणाले, भाऊ खंबीर आहे. खंबीर कसला, मला कुणी उसंतच दिली नाही. नंतर रडावं तर ती वेळ निघून गेलेली. आणि अलीकडं एक नवीनच भीती बसली होती. डोळे मिटून दादाला आठवायला जावं तर तो ओळखपत्रावरचाच माणूस समोर यायचा. मी माझ्या भावाला विसरायला लागलो होतो.

शेवटी एका रविवारी मी ठरवून भांडायला निघालो. एसटीत बसून वाक्यं जुळवली. घरात शिरलो तर वहिनी खाली बसलेल्या, मांडीवर एक फळी. मी चपला काढता काढताच सुरू केलं. "वहिनी, आज मले सांगाच. गिरणीवाला झाला, वायरमन झाला, बकऱ्या झाल्या. माह्या भावानं काय घोडं मारलं तुमचं?"

वहिनींनी पटाशी खाली ठेवली. मांडीवरची फळी माझ्याकडं वळवली.

त्यावर दादा होता. कपाळ, भुवया, जाड काड्यांचा चष्मा, गालावरच्या सुरकुत्या, सगळं कोरलेलं. तोंडाची जागा तेवढी कोरी होती. फळी त्याच्या लिहायच्या टेबलाची होती, ते मी ओळखलं, पण ती बोटभर जाड असायची आणि आता पार पत्र्यासारखी झाली होती. कारण वहिनी त्याच फळीवर त्याला कोरत आल्या होत्या, पहिल्यापासून. कोरायचं, मनासारखं उतरलं नाही की रंधा मारून सगळं काढून टाकायचं, पुन्हा कोरायचं. बकऱ्या, कोंबड्या आणि वायरमन हे मधल्या वेळातले होते.

"तोंडापाशी येते आन् अडकते," त्या म्हणाल्या. "त्यायचं हसू कोन्या बाजूनं होतं, थेच मले समजून नाही राह्यलं. एकदा डावीकडं कोरलं, एकदा उजवीकडं. उलटं कोरता कोरता सुलटं काय होतं तेच इसरली मी भाऊजी. अठ्ठावीस वर्सं संसार केला, आन् मले बाजू आठवत नाही."

"दुसरी फळी घ्या ना मग."

"दुसरी कायले? याच्यावर कोपर टेकून पेपर तपासले त्यायनं. पन आता रंधा नाही झेपत तिले. एकडावच कोरता येईन."

मी फुशारकीनं सांगायला तोंड उघडलं. सख्खा भाऊ मी, मला ठाऊक नसणार तर कुणाला? "उजवीकडं," म्हणालो. लगेच वाटलं, नाही, डावीकडं. मी माझ्या तोंडाला बोट लावून पाहिलं, वहिनींच्या समोर उभं राहून पाहिलं, पाठ करून पाहिलं. भुवया आठवायच्या, आवाज आठवायचा, ओठ मात्र सारखा बाजू बदलायचा. भिंतीवरचा हारातला माणूस आमच्याकडं कॉपी पकडल्यासारखा बघत होता.

"मले आधी विचारलं काऊन नाही तुम्ही?" मी चिडून म्हणालो.

"तुम्ही आले की भांडताच. विचारू कवा?"

मी भिंतीला टेकून त्यांच्या शेजारी बसलो. बसलो आणि एकदम जाणवलं, की मी मुद्दाम वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसलोय. लहानपणी जेवताना मी दादाच्या डाव्या हातालाच बसायचो. त्याच्या उजवीकडं बाबा. बाबांसमोर जेवताना हूं की चूं करायची सोय नव्हती. दादा उजव्या हातानं गुपचूप भाकरी मोडायचा आणि डाव्या हातानं स्वतःचा गूळ माझ्या ताटात सरकवायचा, आणि सरकवताना हसायचा. ते हसू बाबांना कधीच दिसलं नाही. दिसलं असतं तर दोघांनाही प्रसाद मिळाला असता.

"डावीकडं!" मी इतक्या जोरात ओरडलो की वहिनींनी फळी छातीशी धरली. "माह्याकडं होतं ते वहिनी. माह्याच बाजूनं होतं!"

वहिनींनी मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं, बाबा कुठं, मी कुठं, गूळ कुठल्या हातानं. मग पटाशी घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातातल्या पटाशीकडं मी पहिल्यांदाच राग न करता बघत होतो. तोंड झाल्यावर त्यांनी शाई फिरवली, कागद ठेवला आणि वाटी माझ्या हातात दिली. "घासा. हळू. घाई नका करू."

मी घासायला लागलो. कागदाखाली चष्म्याची काडी लागली, मग नाक लागलं, हनुवटी लागली. दादा गेला त्या दिवशी त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा राहून गेला होता. मी मंडप बघत होतो. आता मी इतका वेळ घासत बसलो की शेवटी वहिनींनीच माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि कागद उचलला.

तो हसत होता. काहीतरी खोडी काढून, साळसूद तोंडानं, एका बाजूनं.

वहिनी ठशाकडं बघत राहिल्या. मग फळी पुसून त्यांनी आपल्या उशाशी ठेवली आणि कागद मला दिला. "न्या तुम्ही. मले लाकडातले पुरतात."

ओला ठसा गुंडाळता येत नाही. मी तो दोन्ही हातांत आडवा धरून एसटीत चढलो आणि दिसेल त्याच्यावर खेकसत सुटलो. धक्का लावू नका! पिशवी तिकडं घ्या! वाहक तिकीट फाडता फाडता थांबला, वाकून बघायला लागला. "काका, कोन व्हय हे?"

"माहा मोठा भाऊ."

"लई गमतीचे दिसतात. कुठं असतात आता?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. भर एसटीत, उतरत्या वयाच्या माणसानं रडू नये तसा रडलो. वाहकानं काही न विचारता एका माणसाला उठवलं आणि मला खिडकीशी बसवलं. चिखली येईपर्यंत मी रडत होतो, आणि थेंब पडून दादा खराब होऊ नये म्हणून हात लांब करून कागद पुढच्या सीटपर्यंत धरला होता. खांदे भरून आले. घरी पोचल्यावर वहिनींना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, नीट आणलाय, एक थेंब पडू दिला नाही.

वहिनी म्हणाल्या, "काऊन भाऊजी? तेलाची शाई हाय ते. पान्यानं काय होते तिले? जवळ धरून रडाचं होतं ना पोटभर."