डाळिंबी टाकी

रंगातली खोट शोधावी तर मीच, अशी आमच्या टोळक्यात माझी ख्याती आहे. टोळकं म्हणजे जुन्या मोटारसायकलींच्या नादी लागलेली आम्ही पाच-सात माणसं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एकाचं औषधांचं दुकान. रविवारी सकाळी गाड्या काढायच्या, कुठेतरी जाऊन मिसळ खायची आणि दुपारी ठाकुर्लीला भाऊच्या गोठ्यात जमून कुणाची तरी टाकी नाहीतर मडगार्ड रंगवायचं. भाऊच्या घरच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, म्हशी गेल्या, गोठा तेवढा उरला. त्याला आम्ही आतून प्लास्टिकचे पडदे लावले आणि कोपऱ्यात कंप्रेसर बसवला. फवारा मारायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. रंग मारायचं काम भाऊचं. झालेल्या रंगाला नावं ठेवायचं काम माझं.

माझ्या गाडीचा रंग डाळिंबी. तो बायकोने निवडला. गाडी तुझी, रंग माझा, असं तिने लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. ती गाडी चालवायला कधी शिकली नाही, पण मागे बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वळणावर किती कलायचं ते माझ्याआधी तिला कळायचं. दर नवरात्रात आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला डोंबिवलीहून गाडीवरूनच जायचो, गर्दी कितीही असो.

श्रावणातल्या एका रविवारी ठाण्याहून परत येताना शिळफाट्याच्या पुढे रस्त्यावर खडी सांडलेली होती. वेग फार नव्हता. पुढचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं दोन बाजूंना फेकले गेलो. गाडी टाकीवर घसरत गेली. मी मान वळवून पाहिलं तर बायको डाव्या कुशीवर पडलेली होती आणि तिच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर एका टेम्पोचं पुढचं चाक होतं. थांबलेलं. ती लगेच उठली नाही. मी लंगडत पोहोचेपर्यंत टेम्पोवाल्याने गाडी जरा मागे घेतली होती आणि खाली उतरून तो मला शिव्या घालता घालता रडत होता. मग ती उठून बसली. तिला चक्कर आली असावी, असं मी धरून चाललो.

तिचं मनगट मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. दवाखान्यात, सासूबाईंना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी एकच सांगितलं, की नशीब, मागे गाडी नव्हती. तिचं तोंड दुसरीकडे होतं, तिने चाक पाहिलं नसणार. मग कशाला सांगायचं? ते माझ्यापाशीच राहू दे, असं मी ठरवलं, आणि ते राहिलंच. माझं ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या जवळ. खाली एखाद्या बसने ब्रेक दाबला की त्या फुस्स आवाजाने माझ्या मानेला घाम सुटायचा. हातातली फाईल कुणाला द्यायची होती तेच आठवायचं नाही.

प्लास्टर असतानाच एक दिवस ती केस कापून आली. कमरेपर्यंतची वेणी होती, ती गेली. एका हाताने घालता येत नाही, म्हणाली. मला हळहळ वाटली, पण कारण पटण्यासारखं होतं.

गाडी भाऊच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि टाकी गोठ्यात गेली. एक बाजू चेपलेली, रंग खरवडून आतला पत्रा उघडा पडलेला. भाऊने आत गेलेला पत्रा ओढून बाहेर काढला, खड्डा भरायला त्यावर लांबी लावली, पॉलिश पेपरने घासून सारखी केली. मग प्राइमर, मग डाळिंबी रंगाचे दोन हात, वर चकाकीचं क्लिअर. पहिल्यांदा क्लिअरमध्ये धुळीचे कण बसले. ते खरोखरच बसले होते, सगळ्यांनी मान्य केलं. भाऊने घासून पुन्हा मारलं.

दुसऱ्यांदा मी टाकी उन्हात नेली, शेजारी साइड पॅनल धरलं आणि म्हणालो, टाकी किंचित काळपट आहे. औषधवाला म्हणाला, "तुझे डोळे आहेत का मायक्रोस्कोप रे?" मला ते कौतुकच वाटलं. भाऊने पुन्हा घासली. तिसऱ्यांदा मला असं दिसलं की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या चेपलेल्या जागेवरून जाताना जरासं लचकतंय. मी बोट ठेवून जागा दाखवली. शाळेत शिकवणारा आमच्यातला वडीलधारा मित्र म्हणाला, "नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय!" एरवी अशा वाक्यावर गोठा दणाणला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. भाऊने त्या जागेवरून तळवा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजत घातला.

चौथा रंग चढला आणि सुकला, पण त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलेना. मी आत शिरलो की क्लच वायरचा नाहीतर पेट्रोलच्या दराचा विषय निघायचा. मला ते कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. काम नीट व्हावं म्हणणं हा काय गुन्हा झाला? हल्ली ही माणसं कशीही रंगवलेली गाडी घेऊन हिंडतात, असं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. ती चेंडू दाबण्याचा व्यायाम करत ऐकून घ्यायची. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. डब्याचं झाकण उघडताना ती माझ्याकडे पाठ करायची, तेही मला दिसायचं.

नवरात्र आलं. "देवीला जायचं ना?" तिने विचारलं.

"क्लिअर कच्चं आहे अजून. पेट्रोल सांडलं तर रंग फुगेल."

कच्च्या क्लिअरचं असं होतं हे खरंच आहे. पण आमचं क्लिअर आता कच्चं राहिलेलं नव्हतं. ती शेजारणीबरोबर बसने गेली. मी घरात बसून तिला फोन करत राहिलो. पोहोचलीस का, गर्दी किती आहे, उतरताना बस पूर्ण थांबू दे. शेवटी ती फोनवर ओरडली, "अरे, मी देवीसमोर उभी आहे! ठेव आता." दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकत होतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी निघालो तशी तीही चपला घालून दारात आली. "मी येते. बघू तरी, एवढं काय बिघडलंय त्या टाकीचं." रिक्षात मी रंगाबद्दलच बोलत सुटलो होतो.

बाकीचे सगळे अजून राईडवरून परतले नव्हते, भाऊ एकटाच होता. "या वयनी," म्हणत त्याने टाकी फडक्यात गुंडाळून अंगणात आणली आणि स्टुलावर ठेवली. उन्हात ती नुसती पेटली होती. मी वाकून जागा दाखवली. "इथे बघ. प्रतिबिंब लचकतंय."

"मला काही दिसत नाही."

"अगं, सरळ नाही, तिरकं बघ."

"तिरकंच बघतेय."

भाऊने फडकं खांद्यावर टाकलं. "वयनी, दुसऱ्यांदा मारली तवाच टाकी बरी झालेली. आता यो भितंय न् मी रंग मारतंय." एवढं बोलून तो चहा सांगायला घरात गेला.

माझं डोकं सणकलं. बायकोसमोर, माझ्याच गाडीवरून! आवडत नसेल तर नको रंगवूस म्हणावं, दुसरीकडे नेईन, असं काहीबाही मी बडबडत होतो. तिने मला बोलू दिलं. मग टाकीवरून बोट फिरवत म्हणाली, "टेम्पोचं चाक मी पाहिलंय."

"कुठलं चाक?"

"उगाच विचारू नकोस. मी लगेच उठले नाही ना तेव्हा? उठता येत नव्हतं. वेणीचं टोक चाकाखाली होतं. त्याने टेम्पो मागे घेतला तेव्हा सुटलं."

मी तिच्या कापलेल्या केसांकडे बघत राहिलो. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगत सुटला होतास, मागे गाडी नव्हती, मागे गाडी नव्हती. म्हटलं, याने पाहिलं नसेल तर बरंच आहे. मग तू ही टाकी परत परत घासायला लावलीस, तेव्हा कळलं."

मला रडू आलं. भाऊच्या अंगणात, भर दुपारी, स्टुलावरच्या टाकीला धरून मी रडलो. भाऊ चहा घेऊन दारापर्यंत आला आणि तसाच आत वळला. इतके दिवस एकाच घरात आम्ही ते चाक एकमेकांपासून लपवत होतो. तिने एकटीने ते कसं सोसलं असेल, हे मनात आलं आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"बसवा टाकी," ती मोठ्याने म्हणाली, घरात ऐकू जाईल अशी.

भाऊने बोल्ट आवळले, पेट्रोलची नळी जोडली आणि बाटलीतलं पेट्रोल ओतलं. थोडं टाकीवरून ओघळलं ते मी घाईने पुसलं. रंगाला काही झालं नव्हतं. खुंटीवरची दोन हेल्मेटं त्याने आमच्या हातात दिली. बरेच दिवस उभी असलेली गाडी आठ-दहा किका खाऊन सुरू झाली.

डोंबिवलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. माझे दोन्ही पाय खाली लोंबत होते, नवशिक्याचे असतात तसे. मग पाठीमागून मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला. काय गाडी होती ते मी पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत नव्हती. कडेला घेऊन थांबलो. ती गाडी निघून गेली, तरी माझा हात ब्रेकवरून सुटेना.

"तू रिक्षाने जा," मी म्हणालो. "मी गाडी ढकलत आणतो. खरंच सांगतो, नाही जमत मला."

ती उतरली नाही. तिची बोटं माझ्या शर्टात रुतली होती.

"मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली. "खूप. चालव."