इस्तारीच्या नावाचा सापळा

भागीरथाची शिल्पं पुढे नागपूरच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिथल्या मंडळींनी त्यांच्याभोवती फिरून माना डोलावल्या. पण तिचं पहिलं शिल्प पाहिलं ते पोंभुर्ण्याकडच्या तिच्या गावाने, तलावाच्या काठावर, कमरेवर हात ठेवून, शिव्या देत.

काय हात होता त्या बाईचा! दिवाळी सरली, झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला, की गावोगावची मंडळं तिच्या दारात. राजाचा मुकुट, देवीची प्रभावळ, तुरुंगाचे गज, सगळं ती बांबूच्या कामट्यांचं करायची. गजांना काळा रंग दिला की ते दिव्याखाली असे लोखंडी दिसायचे, की आत उभ्या राहिलेल्या नटाला रडायला मुद्दाम जोर लावावा लागत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गावदेवी मातामायच्या मूर्तीचे चांदीचे डोळे चोरीला गेले. आदल्या सांजेला देवळात दिवा लावायला गेला होता भागीरथाचा नवरा, इस्तारी. लोकांना तेवढं पुरलं. भैयाजी देवळाचेही पुढारी आणि मासेमारी सोसायटीचेही. त्यांनी मातामायच्या दाराला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं आणि हुकूम काढला : चोर सापडेपर्यंत इस्तारीने तलावात पाय ठेवायचा नाही.

ढिवराच्या, मासे धरून जगणाऱ्याच्या, पोराला पाणी बंद! आणि वर पहारा. इस्तारी विहिरीवर गेला की माना वळत. अंगणात भांडं वाजलं की शेजारची गुणाबाई कुंपणावरून डोकावे. हळूहळू तो घराबाहेर पडेनासाच झाला.

"किती दिवस असा बसून राह्यशील?" भागीरथाने विचारलं.

"बाहेर निघालो का सारे पाहून राह्यतेत वो."

"पाहू दे. मीबी दाखवते त्याहिले, कसे पाह्यतेत ते."

ती बांबू फोडायला बसली. मासे धरायचा सापळा असतो ना, आत शिरायला रुंद तोंड आणि परतायला वाट नाही, तसाच सापळा, पण माणसाच्या उंचीचा. आत भाजक्या मातीच्या दोन लहान मूर्ती, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या : एक मातामाय, एक इस्तारी. आणि बाहेरून कामट्यांना टांगलेले भाजक्या मातीचे डोळे, सगळे आत वळलेले. एका सकाळी तिने तो बैलगाडीवर घातला, तलावाच्या मधोमध गुडघाभर पाण्यात रोवला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली.

शिव्या देत गाव लोटलं, भागीरथालाही काठावर बोलावून आणलं.

"अवो, हे तं मीच होय!" गुणाबाई पाण्यात शिरून ओरडली. प्रत्येक घरचे डोळे वेगळे होते, आणि ज्याला त्याला आपले ओळखू येत होते. "मले तिरपी काऊन केलीस वो, भागीरथा?"

"कुंपणावरून तशीच दिसतेस, बाई."

लोक हसले, पण भैयाजी तापले. "मातामायले कोंडलंस तू! पाप आहे हे!"

"कुलूप तुमी लावलं, भैयाजी. मी फक्त सोबतीले माहा माणूस बसवला."

"काढ हे. उद्या मोठं जाळं ओढाचं आहे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की सारं गाव मिळून एकच जाळं ओढतं, या काठापासून त्या काठापर्यंत. मधे सापळा असेल तर जाळं फाटणार.

"माहा नाई तो," भागीरथा म्हणाली. "इस्तारीच्या नावानं विणला. ज्याचा सापळा त्यानंच काढाचा, आपला कायदाच आहे."

"मंग मीच काढतो!" भैयाजींनी धोतर खोचलं, पाण्यात उतरले, हात पुढे केला.

दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावणाऱ्याला ढिवरांमध्ये चोर म्हणतात हे लहान लेकरालाही ठाऊक. तो शब्द कोणी उच्चारला नाही. सगळे नुसते भैयाजींच्या हाताकडे पाहत राहिले. सापळ्यावरचे मातीचे डोळे आणि काठावरचे जिवंत, दोन्हींच्या मधे भैयाजी उभे. नजरा कशा रुततात ते त्यांना त्या घडीला पहिल्यांदा कळलं असावं. हात मागे आला.

"गुणाबाई," ते खाली मान घालून म्हणाले, "जा, इस्तारीले बलाव."

"पाण्यात उतरू द्याल?" भागीरथाने सगळ्यांदेखत विचारलं.

"उतरल्याबिगर काढंल कसा?"

"आजच्यापुरता नाई, भैयाजी. उतरला तं उतरला."

भैयाजींनी काठावर नजर फिरवली. त्यांच्या बाजूने कोणी बोलेना. "बरं," ते म्हणाले.

इस्तारी आला. काठावर थबकला, मग पाण्यात शिरला. त्याने सापळा उपटला, खांद्यावर घेतला, देवळासमोर नेऊन जाळीच्या दाराला टेकवून उभा केला आणि पुन्हा येऊन पाण्यातच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी जाळ्याचा दोर धरताना भैयाजी त्याच्याशी बोलले नाहीत. इस्तारीनेही बोलायची वाट पाहिली नाही. त्याने आपल्या जुन्या जागेवर पाय रोवले आणि सगळ्यांच्या आधी ओढ घेतली.