सोलांनी घासलेलं पितळ

आमच्या आरोंद्याच्या घराला दोन वाहनं होती आणि दोन्ही उभी होती. खाडीकाठच्या खोपीत सासऱ्यांची होडी, अंगणात नवऱ्याचा ट्रक. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. पलीकडे जायची वाट बंद झाल्यापासून होडी खोपीतच होती. ट्रक का उभा, ते मात्र देवालाच ठाऊक. लढाई संपल्यावर सरकारने निकालात काढलेला तो लष्करी ट्रक यांनी बेळगावहून ओढून आणला होता. स्टिअरिंग डाव्या बाजूला, हिरवा रंग उडालेला आणि पुढे लोखंडी हँडल, ते मारल्याशिवाय इंजिन जागं होत नसे.

लोक म्हणायचे, भाड्याने लाव. हे नुसते हसायचे. यांना ट्रक चालवायचा कमी आणि उघडायचा जास्त नाद होता. बागेतलं शिंपण उरकलं की गोणपाट अंथरून यांचं अर्धं अंग ट्रकच्या खाली. मी जेवायला हाक मारायची ती दोन पायांना. मी चिडायचेही. लुगड्याला ग्रीस लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण एखादा गंजलेला बोल्ट सुटला की यांचा चेहरा असा उजळायचा, की पुढचं बोलणं माझ्या तोंडातच राहायचं.

खरी गाठ वेगळीच होती. मामंजी म्हणजे माझे सासरे, नावाजलेले तांडेल. होडीचं सुकाणू एकुलत्या एका मुलाच्या हातात द्यायचं त्यांच्या मनात होतं. आणि मुलगा अठराव्या वर्षी न सांगता पलटणीत भरती झाला. सात वर्षांनी परत आला तेव्हा मामंजींनी "जेवलंस?" एवढंच विचारलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. मी लग्न होऊन आले ती आयती पोस्टमन म्हणून. एकाच पडवीत दोघे बसलेले असायचे आणि निरोप माझ्याकडून जायचे.

"तुझ्या घोवाक सांग, गाडी उनात आसा. टायर जातले."

"बाबांका सांग, झावळे घातलंय."

दोघांनाही ऐकू आलेलं असायचं, तरी मला ते पुन्हा म्हणावं लागे. सुरुवातीला हसू यायचं. मग वर्षं गेली आणि हसू यायचं थांबलं. तो ट्रक आल्यापासून मामंजींनी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

अशात एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामंजी विड्याचं पान पुसत मला म्हणाले, "त्येका सांग, उद्या मी त्या गाडयेत बसान देवळात जातलंय."

मी निरोप सांगायला वळले तर हे दारातच उभे होते. सरळ अंगणात गेले, बॉनेट उघडलं आणि ठीक चाललेलं इंजिनसुद्धा पुन्हा खोलायला बसले. उद्या काही म्हणता काही अडायला नको. कार्बोरेटर सोडवून त्याचे भाग त्यांनी सुपात मांडले आणि कुठलीशी वायर आणायला गेले.

त्याच वेळी मी विहिरीवर दसऱ्याची भांडी घासत होते. समई, तांब्या, पंचपात्र. सुपात पाहिलं तर एक पितळी पोकळ डबी, लाडवाएवढी, काळवंडलेली. यांनी एकदा समजावलं होतं: हा फ्लोट. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगतो, वर आला की पेट्रोल थांबवतो, खाली गेला की सोडतो. मला वाटलं, मामंजी पहिल्यांदा बसणार, मग यातलं पितळ तरी काळं कशाला? कोकमाच्या भिजवलेल्या सोलांनी आणि चुलीतल्या राखेने मी ते जीव तोडून घासलं. एका बाजूला जुन्या डाकाचा, म्हणजे भोक बुजवायला वितळवून लावलेल्या कथलाचा, राखाडी ठिपका होता. तो तर जास्तच घासला, जाता जाईना म्हणून. यांनी ती चकाकी पाहिली आणि इतके हसले! "पलटणीत असतीस तर तुला बक्षीस मिळालं असतं," म्हणाले, आणि फ्लोट जागेवर बसवून टाकला.

सकाळी मामंजी धुवट धोतर नेसून, नारळ घेऊन अंगणात आले. देवळाकडे निघालेले चार-पाच शेजारी थांबले. यांनी टाकीत पेट्रोल घातलं, हँडल मारलं. इंजिन गुरगुरलं, थोडं चाललं, मग काळा धूर सोडून बंद पडलं. पुन्हा हँडल, पुन्हा धूर. खाली टपटप पेट्रोल गळायला लागलं. यांनी प्लग काढले, पुसले, लावले. कपाळावरून घाम गळत होता.

मामंजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नारळ काखेत धरला आणि पायी निघाले.

दहा वर्षांनी हे दार किलकिलं झालं होतं आणि ते मीच लावून घेतलं की काय! लाज सोडून मी सगळ्यांसमोर ओरडले, "मामंजी, थांबा! माजा चुकला. ता पितळेचा मी काल सोलांनी घासलंय!"

यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. कार्बोरेटर उघडून फ्लोट बाहेर काढला. मामंजी तोवर परत आले होते. त्यांनी हात पुढे केला.

"माका दी."

मला नव्हे, यांना म्हणाले.

मामंजींनी तो कानाशी नेऊन हलवला. आत चुळुक वाजलं. "पोटात पाणी घेतल्यान ह्येणी," ते म्हणाले. "होडयेचा असाच जाता. ऊन पाणी हाड गो."

मी न्हाणीतला कढत पाण्याचा तांब्या आणला. मामंजींनी फ्लोट पाण्यात दाबून धरला. त्या राखाडी ठिपक्यातून बारीक बुडबुडे वर आले. "हयसर," त्यांनी नखाने दाखवलं. मग आतलं पेट्रोल वाफ होऊन पुरतं जाईपर्यंत दोघे त्या तांब्यावर वाकून, डोक्याला डोकं लावून बसले.

"मी धरतंय. तू डाक दी," मामंजी म्हणाले.

ट्रकपासून लांब, चुलीपाशी, बापाने फडक्यात फ्लोट धरला आणि मुलाने डाक दिला. इंजिन दुसऱ्या हँडलला चालू झालं. शेजारी हसले, मी पदराने डोळे पुसले. धूर गेला डोळ्यात, असं सांगितलं.

निघण्यापूर्वी मामंजींनी ट्रकपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा, माझो झील घर सोडून लढायेक गेल्लो. तो परत इल्लो आसा. ता तुका सांगूचा ऱ्हवला होता, म्हाराजा. आज सांगतंय. तेची आणि तेच्या गाडयेची राखण कर."

शेजारी यांच्याकडे पाहत राहिले. पहिलं "होय" मुलाने म्हणायचं होतं. हे बॉनेटवर हात ठेवून पाठमोरे उभे होते, आणि यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बायकांनी म्हणायची रीत नव्हती, तरी मीच मोठ्याने म्हटलं, "होय म्हाराजा!"