दुपारची पोपटी

पनवेलजवळच्या ओवे गावात थंडी अशी पडते तरी किती? पहाटे डोंगराकडून उतरते आणि सूर्य हातभर वर आला की ओसरते. पण वेणूने यंदा तिची धास्ती घेतली होती. मागच्या पौषात तिच्या नवऱ्याला, बळीरामला, न्यूमोनिया झाला. पनवेलच्या दवाखान्यात नळीने श्वास घेणारा नवरा तिने काचेपलीकडून पाहिला होता, आणि ते दृश्य अजून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

म्हणून दिवाळी सरताच तिने घराला शिस्त लावली. डॉक्टरांनी सांगितलेल्या लशी बळीरामला टोचून आणल्या. सकाळी कोमट पाणी, न्याहारीला नाचणीची भाकरी, जेवणात कुळथाची पिठी, निजताना हळदीचे दूध. बाहेरून येणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मुलगा प्रितम कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक लावून घरी आला की त्यालाही ती आधी मोरी दाखवी. यात वावगे काहीच नव्हते. वावगे झाले ते पुढे. काळजीला मर्यादा घालून देणारे कोणी नसले की तिचा हळूहळू पहारा होतो, आणि ते पहारेकऱ्याला सर्वांत शेवटी कळते.

खिडक्या बंद झाल्या. ओटीवरची बैठक मोडली. जुने सोबती गेटवरूनच "बरा हाय ना रं?" विचारून परतू लागले. बळीराम पलंगावर बसून टीव्ही पाही आणि ताटातले निम्मे तसेच ठेवी.

"जेवा ना ओ," वेणू म्हणे.

"भूक नाय."

"कालपन नव्हती. परवापन नव्हती."

"अगो, कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवलीस, वर इचारतेस दाणे का टिपत नाय!"

ती हसली नाही. तपासणीला नेले तेव्हा डॉक्टर वजनाच्या काट्याकडे पाहत राहिले. "छाती स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण वजन असेच उतरत राहिले, तर पुढचा आजार अंगाला पेलणार नाही. लस तिचे काम करते. बाकीचे काम अन्न, झोप आणि हालचालीने व्हायचे. हे घराबाहेर पडतात का?"

त्याच आठवड्यात वालाच्या शेंगा भरल्या आणि गावात पोपटीची बोलणी सुरू झाली. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी असे सारे मडक्यात ठासून भरायचे, मडके शेतात उलटे ठेवून भोवती जाळ करायचा, आणि अंधार पडल्यावर कुडकुडत, शेकत खायचे. पाण्याचा थेंब नाही. सगळे आपल्याच वाफेवर शिजते. हे मडके भरण्याचा मान वर्षानुवर्षे बळीरामचा.

"आये, बाबांना नेऊ ना?" प्रितमने विचारले.

"धुरात? रातच्या गारठ्यात? नाय म्हंजे नाय."

आत पलंगावर बळीरामने ते ऐकले. त्याने भांडण काढले असते तर वेणूला जोर आला असता. तो नुसता भिंतीकडे कुशीवर वळला, आणि त्या दिवशी भाकरीला त्याने हात लावला नाही.

सकाळी ती पायरीवर येऊन बसली. पाठीवर ऊन आले आणि तिला जाणवले की आपणही कित्येक दिवसांत उन्हात बसलेलो नाही. धूर वाईट, गारठाही वाईट, हे खरेच होते. पण ज्याला आपण जपतो आहोत तो माणूस खोलीत दिवसेंदिवस कमी होत चालला होता, हेही तितकेच खरे होते. बऱ्याच वेळाने ती उठली आणि प्रितमला म्हणाली, "पोपटी दुपारची लावा."

"आये, दुपारी कधी पोपटी लावतात काय?"

शेजारच्या भीमाबाईने कुंपणावरून ऐकलेच. "वेणू, मग होळीपन सकाळची पेटव!"

"पेटवीन. तू हात धुऊन ये म्हंजे झालं."

सरकारी भूसंपादनातून उरलेल्या शेताच्या तुकड्यावर भर उन्हात खुर्ची मांडली गेली. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर घातलेला बळीराम मडके पायांत धरून बसला. आधी पाला, मग शेंगा, वर मीठ आणि ओवा. त्याचे हात सावकाश चालत होते, पण जीभ पूर्वीसारखीच चालत होती. "प्रितम, मीठ शेंगांवर टाक रं, माझ्या चपलेवर नको!" सोबती हसले. जाळ इतरांनी केला. बळीरामची खुर्ची वेणूने वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशी ठेवली होती. मध्येच वारा फिरला. ती धावणार, तोच त्याने स्वतः उठून खुर्ची सरकवली.

"पानी शिंपडा," त्याने फर्मावले. तापल्या मडक्यावर थेंब चर्रकन उडून गेला. "झाली. काढा."

तो जेवला. शेंगेमागून शेंग सोलत, बोटे चाटत, मध्येच कोणाची तरी टर उडवत जेवला. "सावकाश" हा शब्द वेणूच्या ओठांवर आला आणि तिने तो तिथेच थांबवला.

"दुपारच्या पोपटीला चव नसते," भीमाबाई म्हणाली, "म्हनून मना आनखी थोडी वाढ."

बळीरामने एक अंडे सोलले आणि वेणूच्या हातावर ठेवले.

"मी मागनं खाईन," ती म्हणाली.

"मागनं, मागनं! मी आजारी पडलो तवापासून तू तरी धड जेवलीस काय?"

सर्वांसमोर तिने घास घेतला. डोळे भरून आले. "तिखट हाय," ती म्हणाली. मसाला फक्त कोंबडीला लावला होता. तरीही प्रितमने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बळीराम दुसरे अंडे सोलू लागला.