सारख्या वर्णाची सहा माणसं

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळं चहा पीत पीत सांगू शकतो. ही मात्र साधी पोत ओढल्याची केस, आणि ती सांगताना माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, आता कशाला त्रास करून घेता? घेतो, कारण यात ज्यांच्यावर चिडायचं त्यांत पहिला नंबर माझा आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पंचवटीतल्या एका गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास फुलं विकणाऱ्या एका मावशींच्या गळ्यातली पोत मोटारसायकलवरच्या दोघांनी मागून हिसकली. मावशी पाटीसकट तोंडावर आपटल्या. मनगट मोडलं, गळ्याला जखम झाली. पोत तुटली, मंगळसूत्राची एक वाटी त्यांच्या पदरात अडकून राहिली, आणि बाकीचं सगळं घेऊन मोटारसायकल भाजीबाजाराच्या बाजूनं पसार झाली.

मावशी "चोर, चोर" असं ओरडल्या. नेमका त्याच वेळी शेजारच्या बोळातून एक तरुण पळत बाहेर आला. तो पूर्व आफ्रिकेतून इथे फार्मसी शिकायला आलेला विद्यार्थी होता आणि त्या बोळात खोली घेऊन राहत होता. त्याला पंचवटी कारंजाच्या थांब्यावरची सिटी बस गाठायची होती. लोकांनी मोटारसायकल पाहिली नव्हती असं नाही, चांगली पाहिली होती. पण ती गेली होती. हा समोर होता, पळत होता आणि काळा होता. तेवढं पुरलं.

मी पोहोचलो तेव्हा तो गटाराच्या कडेला बसला होता. डावा डोळा सुजून बंद झालेला, शर्ट फाटलेला. एकाच्या हातात अजून भाजीच्या खोक्याची फळी होती आणि ती लपवावी असंही त्याला वाटत नव्हतं.

"साहेब, आम्ही धरला बरं का!" तो म्हणाला. "हबशी आहे. साथीदार गाडीवरून सटकले, हा सापडला."

गाडीवर दोघं होते, दोघं गेले, मग हा तिसरा कुठे बसला होता? हा प्रश्न मी त्या फळीवाल्याला विचारायला हवा होता. नाही विचारला. त्या माणसांनी त्याला मारलं आणि मी त्यांचे आभार मानले. अक्षरशः आभार मानले हो! मग त्याला जीपमध्ये घातलं.

ठाण्यात अंगझडतीचा पंचनामा झाला. खिशात रुमाल, खोलीची किल्ली, बसचा पास आणि एक घडी घातलेला कागद. लिहिणाऱ्या हवालदारानं लिहिलं, 'एक इंग्रजी छापील कागद, रक्ताचे डाग असलेला.' त्यानं कागद वाचला नाही. मीही वाचला नाही, नुसती खाली सही ठोकली. पोत काही त्याच्याकडे सापडली नाही. त्यावर आमचं उत्तर तयारच होतं, साथीदारांकडे दिली असणार.

तपासाच्या खोलीत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. दोन वर्षांत मोडकंतोडकं मराठी शिकला होता. "सर, माझा पेपर आहे. दहा वाजता पेपर आहे. मला जाऊ द्या, मी पेपर देऊन परत येतो, शपथ."

"पेपरात तर तू येणारच आहेस," हवालदार म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. मग हवालदारानं त्याला दोन ठेवून दिल्या, आधीच सुजलेल्या बाजूला. मी हात लावला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ज्याच्या समोर होतं आणि जो थांबवत नाही, त्यानंच केलेलं असतं ते.

संध्याकाळी पाचला बातमीदार यायचे, तो ठाण्याचा रिवाज होता. मी प्रेसनोट लिहिली, 'नागरिकांच्या सतर्कतेमुळे जबरी चोरीतील परदेशी आरोपी जेरबंद.' फळीला मी सतर्कता म्हटलं. बरोबर फोटोग्राफर होता. आरोपीच्या तोंडावर बुरखा होता, कारण पुढे साक्षीदाराकडून ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचं तोंड झाकून ठेवायचं हे नव्या शिपायालाही पाठ असतं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, बुरखा काढा की. नुसतं फडकं छापून काय उपयोग? चेहरा हीच तर बातमी आहे."

मी बुरखा काढायला लावला. आमच्याकडचा कुणी पोरगा असता तर त्याचा बाप काय म्हणेल, वकील काय म्हणेल, असा विचार मनात आला असता. याचा बाप समुद्रापलीकडे होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याचा सुजलेला चेहरा आणि मागे छाती पुढे काढून मी उभा. मथळ्यात 'परदेशी टोळी' होती. टोळी! एक माणूस, हातात काही नाही, आणि छापलं टोळी. कॉलेजनं त्याच दिवशी त्याला निलंबित केलं आणि घरमालकानं त्याचं सामान बोळात आणून ठेवलं.

मावशींचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं, त्यामुळे ओळख परेडला आठवडा लागला. परेड पोलीस घेत नाहीत. तुरुंगात दंडाधिकारी येतात, आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सहा माणसांत उभं करतात आणि साक्षीदारानं हात लावून ओळखायचं असतं. पण माणसं आणून देतो कोण? आम्हीच. मी हवालदाराला सांगितलं, सहा जण आण. त्यानं जवळच्या खानावळीतून आणि रिक्षा स्टँडवरून सहा जण उचलून आणले. एक वाढपी, दोन रिक्षावाले, असेच कुणी कुणी. सगळे आपले नाशिककर.

मावशींनी सरळ जाऊन त्याच्यावर हात ठेवला, काम दोन मिनिटांत उरकलं. अहवालाचा छापील नमुना असतो, त्यात ओळ असते, 'सारख्या वर्णाची व बांध्याची सहा माणसे.' तिच्याखाली दंडाधिकाऱ्यांची सही झाली, पंचांच्या सह्या झाल्या. त्या रांगेत तो सोडून सातवं काळं माणूस नव्हतं, सहावं नव्हतं, दुसरंच नव्हतं! आंधळ्यानंसुद्धा ओळखला असता.

परतताना मावशी जीपमध्ये माझ्या मागे बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "मावशी, लगेच ओळखलात."

"वळखायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "पेपरात फोटू व्हता की. तुमीबी व्हते त्यात."

मी मान वळवली. "म्हणजे? त्या दिवशी गल्लीत तोंड पाहिलं होतं ना त्याचं?"

"तोंड कुठं बघितलं साहेब? मागनं हिसका बसला, मी पडले. डोळ्यापुढं नुसती झेंडूची फुलं."

"मग हात का ठेवला त्याच्यावर?"

"आता गं बाई! तुमीच धरला, तुमीच उभा केला. तुमी काय बिनकामाचा धरला व्हय? मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

आम्हाला वाटत होतं तिला माहीत आहे. तिला वाटत होतं आम्हाला माहीत आहे. पेपरवाल्यांना वाटत होतं दोघांना माहीत आहे. मी ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितली आणि उगाच खाली उतरून उभा राहिलो.

ठाण्यात आल्यावर मुद्देमालाचं पाकीट काढलं आणि तो 'इंग्रजी छापील कागद' पहिल्यांदा उलगडून वाचला. परीक्षेचं हॉल तिकीट होतं. त्याचा फोटो, बैठक क्रमांक, त्या दिवसाची तारीख आणि वेळ सकाळी दहा. ज्याच्या खिशात तासाभरानं सुरू होणाऱ्या परीक्षेचं हॉल तिकीट आहे, तो बससाठी पळणार नाही तर काय करणार? हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

मी मावशींना बोलावून म्हणालो, पुरवणी जबाब द्या, तोंड पाहिलं नाही असं सांगा. बाजारातल्या लोकांना कुणकुण लागली आणि ते त्यांच्या मागे लागले. मावशी, आता जबाब फिरवता? आम्ही तुमच्यासाठी धावलो आणि तुम्ही त्या हबशासाठी? मला वाटलं, आता ही बाई येत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं विकून झाल्यावर पाटी घेऊन त्या थेट ठाण्यात आल्या.

"ल्ह्या साहेब," त्या म्हणाल्या. "मी देवाच्या दारात बसून फुलं इकते. त्या लेकराचं वाटोळं करून कुन्या तोंडानं बसू तिथं?"

हे सांगणाऱ्या बाईचं मनगट मोडलेलं होतं, सौभाग्याचं लेणं गेलेलं होतं. तिला राग यायचा हक्क होता. आणि तिनंच राग गिळून खरं सांगितलं. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांना ते जमलं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी चांदवडहून एका सोनाराचा फोन आला. चोरीचा माल घेतल्याबद्दल हा एकदा आत जाऊन आला होता, त्यामुळे आता ताकही फुंकून पीत होता. "साहेब, दोघं जण पोत मोडायला घेऊन आलेत. तुटलेली आहे, एकच वाटी आहे, मण्यांत केस अडकलेत. मी त्यांना चहा पाजत बसवलंय, लवकर या." आम्ही हायवेनं सुसाट गेलो, तिथल्या पोलिसांना बरोबर घेतलं. दोघंही दुकानात बिस्किटं खात बसले होते. मावशींची वाटी त्या वाटीशेजारी ठेवली, एकाच हातची घडण. पुढे मोटारसायकलही मिळाली.

दोघंही आपल्याच शहरातले, खात्यापित्या घरचे. एकाचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. मी विचारलं, इतक्या लवकर माल बाहेर काढायची हिंमत कशी झाली?

त्यातला एक अगदी सरळ म्हणाला, "पेपरात वाचलं ना साहेब. दुसराच सापडला म्हणून. म्हटलं, मिटलं."

माझ्या प्रेसनोटनं चोरांना अभय दिलं होतं. त्याच्या कानाखाली मारावी असं वाटलं, पण कुणाच्या मारणार?

त्या संध्याकाळी बातमीदार आले. मी दोघांचे बुरखे तसेच ठेवले. गंमत म्हणजे या वेळी बुरखा काढा असं कुणीच म्हणालं नाही. उलट एक जण हळूच म्हणाला, "नावं न दिलेली बरी साहेब. चांगल्या घरातली मुलं आहेत, भवितव्याचा प्रश्न आहे." मी भडकलो. म्हणालो, "आणि तो? तो काय उकिरड्यावर उगवला होता? त्याला भवितव्य नव्हतं?" मी प्रेसनोटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की आधी अटक केलेला विद्यार्थी निर्दोष आहे, ती पोलिसांची चूक होती. वरिष्ठांनी 'चूक' असलेलं अख्खं वाक्य खोडलं. छापून आल्या चार ओळी, आतल्या पानावर, कांद्याच्या बाजारभावाखाली. फोटो नाही.

कोर्टात अहवाल देऊन त्या विद्यार्थ्याला सोडवलं तेव्हा आत जाऊन अकरा दिवस झाले होते. सगळे पेपर संपले होते, वर्ष गेलं होतं. डोळ्याला अंधुक दिसायचं, ते कायमचं राहिलं असं पुढे कळलं. त्याला मारहाण केल्याचा गुन्हा मी अज्ञात इसमांविरुद्ध दाखल केला. त्याला चोर ठरवायला गल्ली भरून साक्षीदार होते, त्याला मारताना पाहिलेला एकही मिळेना. फळीवाला म्हणाला, मी त्या दिवशी गावाला होतो. गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाहीत, असा शेरा मारून कागद बंद झाले. त्या शेऱ्याखालीही माझीच सही आहे.

पुढे मी जिथे जिथे ठाण्याचा प्रभारी झालो, तिथे दोन नियम घातले. अटक झाली की बुरखा, कुणाचाही असो. आणि ओळख परेडसाठी आणलेली माणसं आधी मी स्वतः पाहणार. लोक म्हणायचे, साहेब फार किचकट आहेत. असेन. या केसनं मला शिकवलं की द्वेष दर वेळी आरडाओरडा करत येत नाही. तो छापील नमुन्यात येतो, शिक्क्यानिशी येतो, आणि त्यावर सही करणाऱ्याला आपण फक्त काम करतोय असंच वाटतं.

सुटल्यावर तो आपल्या वस्तू न्यायला ठाण्यात आला. मी खुर्ची दिली, चहा मागवला. माफी मागायची म्हणून वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, ते सोडून मी कागद काढले. मुद्देमाल परत मिळाल्याची पावती मी त्याच्यापुढे सरकवली. चांगला डोळा कागदाजवळ नेऊन तो एकेक अक्षर लावत मराठी वाचू लागला. रुमाल. किल्ली. पास. चौथ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"सर, इथे लिहिलंय छापील कागद," तो म्हणाला. "हा कागद नाही. हॉल तिकीट आहे. नीट लिहा, मग मी सही करतो."

मी ती ओळ खोडली, वर 'परीक्षेचे हॉल तिकीट' असं लिहिलं आणि बाजूला माझी सही केली. त्यानं ते पुन्हा वाचलं, मग सही केली. चहा तसाच ठेवून तो निघून गेला.