साय धरलेला चहा

गाणं संपलं की तबकडीवरची पिन उचलायची, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचं, “काही व्हयनं का, गुरुजी?” हा आबांचा रोजचा शिरस्ता. काहीच झालं नाही, अशी मी मान हलवायचो. आबा हसून भट्टीकडे वळायचे.

विसरवाडीच्या फाट्यावर त्यांचं हॉटेल होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर. गावात वीज यायची होती, पण आबांकडे चावीचा फोनो होता आणि एका कव्वालीची तबकडी. तिच्यासाठी सुरतेकडे निघालेले ट्रक थांबत. आडदांड ड्रायव्हर डोळे मिटून बसत. कव्वाली अर्ध्यावर आली की आबा तबकडी उलटी करत, तेवढ्या वेळातही कोणी तोंड उघडत नसे. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी ज्याला काहीच होत नाही त्याने जावं कुठे? मला त्यात नुसता आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू येत.

आबांची एक परीक्षा होती. ज्याला गाणं लागलं, त्याच्या चहावर साय धरते, असं ते म्हणत. गाणं संपलं की ते सगळ्यांच्या कपांवरून नजर फिरवत. माझा कप नेहमी रिकामा, तळाशी चहाचा गाळ.

पण माणूस मोठा चिवट. दोष माझा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. दोष कधी पिनेचा, कधी बाकाचा. “आज आठे बसा, भोंगाना समोर.” दुसऱ्या दिवशी नवंच निदान. “तुमनं पोट भरेल शे, म्हनीसन नही व्हयनं. सकाय भुक्या या.” मी खरंच उपाशी गेलो. झालं एवढंच की भजी जास्त खाल्ली.

एकदा एक ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला, “मास्तर, हो म्हणून टाका ना. म्हाताऱ्याला बरं वाटेल.” आबांनी ते ऐकलं.

“खोटं नका बोलू, गुरुजी. मी वाट दखसू.”

पुढे माझी अक्कलकुव्याला बदली झाली. निघायच्या सकाळी आबांनी नवी पिन लावली, चहा पुढे ठेवला आणि स्वतः समोर बसले. “मन्हा हाटेलमा ईसन एक मानूस उपाशी जाई ऱ्हायना, आसं वाटस.” मला फार वाईट वाटलं. मी अगदी जिवाचा कान करून ऐकलं. दोन्ही बाजू संपल्या.

“काही व्हयनं का?”

“नाही, आबा.”

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. “जाऊ द्या. आखो या.” एसटी आली तेव्हा माझी वळकटी त्यांनीच टपावर चढवली.

पुन्हा जाईन जाईन म्हणता राहून गेलं. गेलो तेव्हा आबा वारले होते आणि हॉटेलला कुलूप होतं.

परवा तळोद्याला एका लग्नात लाउडस्पीकरवर तीच कव्वाली लागली. चहाचा कप हातात घेऊन मी ऐकत बसलो. तोच आरडाओरडा, त्याच टाळ्या. गाणं मला काही केल्या आवडलं नाही. पण अर्ध्यावर तबकडी उलटायला ते थांबलं, आणि मला ते फडकं दिसलं, हात पुसणारे आबा दिसले. त्यांची मला इतकी आठवण आली की मांडवाचाही विसर पडला.

“गुरुजी, घ्या ना, थंड झाला,” यजमान म्हणाले.

मी कपात पाहिलं. चांगली जाड साय धरली होती. आबांना दाखवायला हवा होता तो कप.