जुनी मोटार घेण्याआधी

पनवेलच्या एसटी स्टँडामागे एक जुनी मोटार विकायला उभी होती. घ्यावी की नाही, माझं ठरत नव्हतं. एका टाकीत किती पळते, वाटेत पेट्रोल संपलं तर मिळेल कुठे, असं मालकाला विचारत होतो. तेवढ्यात मीठ विकून परतणारी एक म्हातारी थांबली. बैलाला थोपटावं तसं तिनं बॉनेटला थोपटलं.

"आमच्या जासईवरनं हितं पनवेलला याया हिला किती येल लागंल?"

"तासभर," मालक म्हणाला.

"बालंतपनाला हितं दवाखान्यात आनताना माजी सून बैलगाडीतच गेली. हिच्यात असती तं वाचली असती का ओ?"

ती माझ्याकडे बघत होती. मग मिठाची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

मोटार मी घेतली. का घेतली, ते मात्र अजून नीट सांगता येत नाही.